खानदेशच्या उन्हात नेचा



कामगार चळवळीतल्या माणसाने कुंडीतल्या झाडावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. पण नेच्याशी, म्हणजे ज्याला आपण फर्न म्हणतो त्याच्याशी, माझी ओळख गिरणीमुळेच झाली.

माझे वडील खानदेशातल्या एका गिरणीत साचाखात्यात होते. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून तेथे पाण्याचे तुषार सोडून हवा दमट ठेवीत. सुताचे भले होई. माणसाचा मात्र घाम वाळत नसे. पुढे गिरणी बंद पडली, देणी बुडाली. खात्याच्या ओल्या भिंतीत उगवलेला एक नेचा तेवढा वडिलांनी डब्यात घालून घरी आणला. आमच्या पत्र्याच्या खोलीत तो वैशाखात आठ दिवसांत वाळला. तो का मेला, हे शोधण्यासाठी मी पुस्तके उघडली.

नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागे तपकिरी ठिपके दिसतात, त्यांत बीजाणू असतात. पुष्कळ जण त्यांना कीड समजून पाने खुडतात. तसे करू नये. बीजाणूपासून आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा होतो. त्यावरच्या नरपेशीला पाण्यातून पोहतच मादीपेशी गाठावी लागते. पाण्याच्या थराशिवाय त्याचा वंशच वाढत नाही. म्हणूनच तो जुन्या विहिरींच्या दगडी सांध्यांत आणि पावसाळ्यात सातपुड्याच्या दरडींवर दिसतो.

आता निवड. नवख्याने नेफ्रोलेपिस घ्यावा; लांब, झुलत्या पानांचा हा नेचा बराच सोशीक आहे. हंसराज दिसतो नाजूक आणि असतोही नाजूक. एक दिवस पाणी चुकले की पाने करपतात. खडकांच्या भेगांत वाढणारी मयूरशिखा उन्हाळ्यात पाने मिटून घेते आणि पाऊस येताच उलगडते. पण तिला खडकावरच राहू द्यावे. झाड नर्सरीतूनच आणावे, रानातून उपटू नये.

आपली काळी कपाशीची माती कुंडीत नुसती भरू नका. ती ओली असताना चिकटून बसते आणि वाळली की भेगाळते. कुजलेला पालापाचोळा, नारळाचा भुसा, थोडी वाळू आणि थोडी माती असे मिश्रण करावे. कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीशी, उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावी. पाण्यापेक्षा वारा अधिक मारतो. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्याभोवती शेवरी लावून झळ अडवतात. घरात तेच काम पडदा करतो. कूलरच्या थेट झोतात कुंडी नको. दोनचार कुंड्या एकत्र ठेवून खाली खडे आणि पाणी घातलेली परात ठेवावी. मात्र कुंडीचे बूड पाण्यात बुडू देऊ नये, मुळे कुजतात.

याहून सोपी युक्ती लंडनच्या डॉ. वॉर्ड यांची. ते कामगारवस्तीच्या पूर्व भागात राहत. कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे मरत. 1829 च्या सुमारास झाकणबंद बाटलीतल्या ओल्या मातीत त्यांना नेचा उगवलेला दिसला. आतलीच वाफ थंड होऊन पुन्हा मातीत पडत होती. अशा काचपेट्यांतून पुढे झाडे समुद्रापार गेली. आपणही लोणच्याची रिकामी बरणी वापरू शकतो, पण ती उन्हात ठेवू नये.

आता एक प्रश्न, जो माझ्या वस्तीतल्या बायकांनीच मला विचारला. "भाऊ, नळ काही दिवसांआड येतो, त्यात शोभेच्या झाडाला पाणी कुठून घालावं?" प्रश्न रास्त आहे. पिण्याच्या पाण्यातला थेंबही त्याला देऊ नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी एका कुंडीला पुरते. बरणीला तर महिनाभर काही लागत नाही.

माझ्या आईने अशीच एक बरणी चार उन्हाळे सांभाळली. वडील रोज संध्याकाळी तिच्यापुढे बसत. बरणीच्या काचेवर दव धरले की म्हणत, "खातं चालू आहे."