टाकाऊतून टिकाऊ : न्हाणीघरातील मांडणी

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मी पाहिले. त्यात नवल नाही. धरणे, रस्ते, पीककर्ज अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. न्हाणीघरातला साबण कुठे ठेवावा आणि त्यासाठी घरातील जुना डबा कसा वापरावा, हा काय भाषणाचा विषय झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटत असे. माझे मत का बदलले, ते सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

दिनांक २ ऑक्टोबर २०१४ रोजी देशात स्वच्छ भारत अभियानास प्रारंभ झाला. त्यापूर्वी २०००-०१ पासून आपल्या राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालेले होते. या प्रयत्नांतून गावोगावी शौचालये आणि न्हाणीघरे उभी राहिली. चार भिंती, एक दार आणि वर पत्रा एवढे काम शासकीय अनुदानातून होऊ शकते. परंतु आत पाऊल टाकल्यावर साबण हाताशी असावा, तांब्या जागेवर असावा, कोरडे कपडे भिजू नयेत, मुलांच्या हाती नको ती बाटली लागू नये, ही व्यवस्था अनुदानातून होत नाही. ती घरच्या माणसांनाच करावी लागते. ही व्यवस्था नसेल तर बांधलेली वास्तू हळूहळू अडगळीची खोली होते. आपल्यापैकी प्रत्येकाने सरपण किंवा कडब्याने भरलेले एखादे तरी शौचालय पाहिले असेल.

एका शाळेतील अनुभव सांगतो. शौचालयाच्या बाहेर नळ होता, नळाला पाणी होते, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या सुंदर अक्षरांत रंगविलेल्या होत्या. साबण मात्र नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंना विचारले तेव्हा त्यांनी कार्यालयातील कपाट उघडून नव्या कोऱ्या वड्यांचा गठ्ठा दाखविला. त्या म्हणाल्या, “साहेब, बाहेर ठेवला तर कावळे पळवितात, नाही तर मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा लगदा होतो. म्हणून मुलांना सांगितले आहे, ज्याला हवा त्याने येऊन मागावा.” कपाट कुलपात, किल्ली बाईंच्या टेबलावर, आणि मागायला येणारे मूल एकही नाही. बाईंची कळकळ खोटी नव्हती. अडचण होती ती साबण ठेवण्याच्या जागेची.

त्या दिवशी शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत कांद्याची एक रिकामी जाळीदार गोणी पडलेली होती. तिचा वीतभर तुकडा कापून त्यात साबणाची वडी घातली, तोंड सुतळीने आवळले आणि ती पुरचुंडी नळाला बांधली. जाळीवरून ओला हात फिरविला की फेस येतो. पाणी निथळून जाते, त्यामुळे वडी विरघळत नाही, आणि घट्ट बांधलेली असल्याने कावळ्याचेही काही चालत नाही. काही महिन्यांनी मी पुन्हा तेथे गेलो तेव्हा बाईंनी तक्रार केली की, आता साबण फार लवकर संपतो. मी त्यांना म्हटले, “बाई, या तक्रारीइतकी शुभ वार्ता मी पुष्कळ दिवसांत ऐकलेली नाही.” साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. लहान मुलांच्या बाबतीत अतिसार म्हणजे केवळ पोट बिघडणे नव्हे. त्यात मुले दगावतात. त्या दृष्टीने पाहता कांद्याच्या गोणीचा तो तुकडा क्षुल्लक म्हणता येणार नाही.

जुन्या वस्तूला नवे काम देणे ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी अशी नाही. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण आपल्या दारावर येत असे. दुधा-लोण्याचे भांडे मांजरापासून वाचविण्यासाठी स्वयंपाकघरात शिंकाळे टांगलेले असे. तांब्या-पितळेचा बंब आणि घंगाळ यांनी एकेका घरात तीन पिढ्यांची अंघोळ पाहिली. मध्यंतरी प्लास्टिकच्या वस्तू स्वस्त झाल्या, मोडले की टाकावे आणि नवे आणावे ही रीत पडली, आणि गावाबाहेरचे उकिरडे वाढले. आज आपण टाकाऊतून टिकाऊ म्हणतो तेव्हा एका जुन्याच शहाणपणाची आठवण करून देत असतो.

तथापि, केवळ जुने आहे म्हणून काहीही न्हाणीघरात नेऊन ठेवणे योग्य नव्हे. न्हाणीघर ही घरातील सर्वांत दमट जागा होय. म्हणून कोणतीही वस्तू आत नेण्यापूर्वी तिला चार कसोट्या लावाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली कसोटी निथळण्याची. ज्या वस्तूत पाणी साचते ती न्हाणीघरात नको. या कसोटीला स्वयंपाकघरातील जुनी रोवळी आणि चाळणी उत्तम उतरतात, कारण त्यांना मुळातच छिद्रे असतात. साबण, घासणी, दात घासण्याचे ब्रश यांसाठी त्या खिळ्याला टांगाव्यात. पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा वापरायचा असेल तर त्याच्या तळाला चार-पाच छिद्रे पाडावीत आणि कापलेली कड दुमडून घ्यावी, म्हणजे हाताला इजा होणार नाही. या छिद्रांना आणखीही एक कारण आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा असे आरोग्य विभाग सांगतो ते याचसाठी. छिद्र नसलेला एक जुना डबा कोपऱ्यात विसरला गेला, तर आपण काटकसरीच्या नावाखाली डास पाळले असे होईल.

दुसरी कसोटी गंजण्याची आणि कुजण्याची. जुन्या सागवानी फळ्या, मोडक्या पाटाचे तुकडे, खिडकीची झडप यांची मांडणी चांगली होते. मात्र लाकूड फरशीला टेकू देऊ नये. खाली विटा द्याव्यात किंवा ते भिंतीवर घ्यावे आणि कापलेल्या कडांसह त्यावर तेलरंगाचे दोन हात मारावेत. भुशाच्या दाबीव फळ्या दमटपणाने फुगतात, त्या येथे उपयोगाच्या नाहीत. लोखंडी वस्तू असेल तर गंज खरवडून प्रथम तांबडा गंजरोधक रंग आणि मग तेलरंग द्यावा. जुनी पत्र्याची ट्रंक अनेक घरांत माळ्यावर पडून असते. ती न्हाणीघराच्या आत न ठेवता दाराबाहेर विटांवर ठेवावी. पंचे आणि कोरडे कपडे त्यात राहतात, आणि वर बसून लहान मुलाचे अंग पुसता येते. लाकडी शिडीची एखादी पायरी मोडली म्हणून ती चुलीत घालू नये. भिंतीला टेकवून वर-खाली पक्की बांधली की उरलेल्या पायऱ्या कपडे टाकण्यास कामी येतात.

तिसरी कसोटी उंचीची. साबण आणि तांब्या लहान मुलाच्या हाताला लागेल अशा, म्हणजे सुमारे अडीच फुटांच्या उंचीवर असावा. याउलट फिनेल, आम्ल, धुण्याचा सोडा, उंदरांचे औषध ही सारी पाच फुटांच्या वर आणि शक्यतो कडी-कुलपाच्या जुन्या पेटीत असावीत. पेटी भिंतीत गुट्टी ठोकून स्क्रूने पक्की बसवावी. केवळ खिळ्यावर भरवसा ठेवू नये. शिंके तुटले की बोक्याचे फावते, पण येथे शिंके तुटले तर आपलेच मूल पोळेल. तसेच पंचा टांगण्याची दांडी म्हाताऱ्या माणसांना आधारासाठी धरू देऊ नये. ती त्यांचा भार पेलण्यासाठी बसविलेली नसते. त्यांच्यासाठी भिंतीत पक्की रोवलेली वेगळी मूठ हवी. विजेच्या बटणाजवळ किंवा पाणी तापविण्याच्या यंत्राजवळ कोणतीही धातूची वस्तू टांगू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

चौथी कसोटी ओळखीची. या कसोटीविषयी मी पुस्तकातले बोलत नाही. माझा धाकटा मुलगा तीन वर्षांचा होता. शौचालय साफ करण्याचे आम्ल मोठ्या कॅनमधून काढून मी सरबताच्या एका रिकाम्या बाटलीत भरले आणि ती बाटली न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवली. बाटली चांगली होती, टाकवेना. जुनी वस्तू कामी आणली याचे मला समाधानही वाटले होते. दुपारी माझ्या पत्नीने पाहिले तेव्हा मुलाने बाटलीचे टोपण दातात धरलेले होते. तिने झडप घालून बाटली हिसकावली. ओठ भाजला, त्याहून अधिक काही झाले नाही. मुलाची चूक नव्हती. सरबताच्या बाटलीत सरबत असते, एवढेच त्याला ठाऊक होते. चूक माझी होती. त्या ओठावरची पुसट खूण आजही मला दिसते, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक सभेत सांगतो.

म्हणून खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या बाटलीत किंवा डब्यात विषारी द्रव्य कधीही भरू नये. ते मूळच्याच बाटलीत, मूळच्या चिठ्ठीसह ठेवावे. दुर्दैवाने कोणी आम्ल गिळलेच, तर त्याला उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, कारण ते वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. रुग्णाला बाटलीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

याचीच दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कीटकनाशकाचा रिकामा डबा दिसायला मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, आणि न्हाणीघरात तांब्या किंवा पाण्याची कळशी म्हणून तो सहज शिरतो. हा डबा कितीही वेळा धुतला तरी घरगुती वापरास योग्य होत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार असे रिकामे डबे पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने नष्ट करावे लागतात. पंचायत सदस्यांनी आपल्या वॉर्डातील घरे पाहताना एवढी एक गोष्ट जरूर तपासावी. असा डबा आढळल्यास रागावू नये. त्याऐवजी एक जुनी बादली द्यावी आणि तो डबा काढून घ्यावा.

शिक्षक बंधु-भगिनींसाठी आणखी दोन शब्द. शाळेत मोडके बाक, कप्पे निखळलेली कपाटे वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांच्या फळ्यांतून मुलींच्या स्वच्छतागृहात एक मांडणी सहज होईल. परंतु या वस्तू जडसंग्रह नोंदवहीत असतात, आणि नोंदीतील वस्तू तोडली तर उद्या लेखापरीक्षणात उत्तर काय द्यायचे, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय वस्तू सडू देणे हा नव्हे. रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडावा, मंजुरी घ्यावी आणि मगच करवत लावावी. येथे जे अधिकारी उपस्थित आहेत त्यांना माझी नम्र विनंती की, असे प्रस्ताव टेबलावर पडून राहू देऊ नयेत.

त्या मांडणीवर झाकणाचा एक कोरडा डबा असावा. त्यात मासिक पाळीच्या वेळी लागणारे साहित्य असावे आणि ते कोणाकडेही न मागता मुलीला घेता यावे. खाली झाकण असलेली एक बादली असावी. आतून लागणारी कडी आणि कपडे अडकविण्यास एक खुंटी असावी. या चार वस्तूंपैकी एकही वस्तू महाग नाही. परंतु त्या नसल्या की मोठ्या वर्गातील मुलगी महिन्यातले काही दिवस घरी राहते, आणि का राहते ते हजेरीपत्रकात कोठेही लिहिलेले नसते. साबण मागायला मुले बाईंकडे गेली नाहीत, हे मी मघाशी सांगितलेच. मग ही वस्तू मागायला कोणती मुलगी जाईल?

शेवटी एका थोर पुरुषाचे स्मरण करून आपली रजा घेतो. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे जन्मलेल्या डेबूजीला महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखतो, ते त्यांच्याजवळच्या मातीच्या गाडग्यावरून. ते फुटके गाडगे त्यांच्या डोक्यावरचे शिरस्त्राण होते, भाकरी खाण्याचे पात्रही तेच होते. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हातात खराटा. टाकून दिलेल्या वस्तूंत एक माणूस आयुष्यभर वावरला, आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्याने दुसऱ्यांसाठी धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. हलकी वस्तू आणि हलके काम असे काही नसते, हे त्यांनी जगून दाखविले.

आज घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने आपल्या न्हाणीघरात जाऊन गुडघ्यावर बसावे आणि तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून सभोवार पाहावे, एवढेच माझे मागणे आहे. हाताला काय लागते ते पाहावे. साबण लागला तर उत्तम. बाटली लागली तर ती आजच्या आज वर ठेवावी. त्यासाठी लागणारी जुनी पेटी आपल्या माळ्यावर बहुधा असेलच.