वादळाआधीचा अर्धा तास : कोहळ्याचा वेल वाऱ्यापासून कसा वाचवायचा

आजचा विषय आहे कोहळं. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी सांगतो, तिकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला आपल्या भंडारा भागात कोहळं म्हणतात. बोंडं करायचं ते हेच कोहळं.

आणि आज बोलायचंय ते मोठ्या कोहळ्याबद्दल. रील्समध्ये तुम्ही परदेशातले राक्षसी भोपळे पाहिले असतील. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधले शेतकरी हॉवर्ड डिल यांनी 'अटलांटिक जायंट' हे वाण तयार केलं, आणि आजचे बहुतेक विक्रमी भोपळे त्याच वंशातले. २०२३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत एका भोपळ्याचं वजन भरलं सुमारे १,२४७ किलो! भर वाढीच्या दिवसांत असं फळ एका दिवसात १५ किलोपेक्षा जास्त वाढू शकतं.

आपल्या मोहाडीत कोणी हजार किलोचं कोहळं काढायला निघालेलं नाही. पण वाडीत, नाहीतर धान निघाल्यावर बांधीत उन्हाळी कोहळं लावणारे खूप आहेत, आणि यंदा एखादं तरी मोठं फळ काढायचं ही हौसही असते. मग मार्च ते मे, वेल ऐन भरात असताना, अवकाळी येतं. दुपारभर रखरखीत ऊन, चार वाजता काळं आभाळ, आणि पंधरा मिनिटांत वेल उलटापालटा. दोन महिन्यांची मेहनत जाते.

वारा नेमकं काय करतो?

कोहळ्याचं पान म्हणजे छोटी छत्रीच. देठ लांब, आतून पोकळ. वारा पानांच्या खाली शिरला की सगळा पसारा शिडासारखा फुगतो, वेल जमिनीवरून उचलला जातो आणि पिळला जातो. बहुतेक वेळा वेल तुटतो तो या पिळण्याने. सगळ्यात नाजूक असतो पुढचा शेंडा, कारण त्याला अजून मुळं फुटलेली नसतात.

आता थोडं गणित. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यात '३० ते ४० किमी' आणि '५० ते ६० किमी' हे आकडे फार लांबचे वाटत नाहीत. पण ३० चा वारा ६० चा झाला की तुमच्या वेलावर चारपट जोर येतो.

आणि हा वारा ठरलेल्या दिशेने येत नाही. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. म्हणून 'आमच्याकडे वारा पश्चिमेचाच' असं धरून एकाच बाजूला आडोसा केला, तर तो अर्धाच उपाय.

पहिला उपाय : वेलाला जमिनीत धरून ठेवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय हाच. कोहळ्याच्या प्रत्येक पेरातून मुळं फुटू शकतात. वेल पुढे सरकत जाईल तशी पेराखाली तीन-चार बोटं खोल चर काढा, पेर ओल्या मातीला टेकवा आणि वरून माती ओढा. पान आणि शेंडा उघडाच ठेवा. माती ओली राहिली तर आठ-पंधरा दिवसांत मुळं धरतात. मग वेल एका बुडख्यावर नाही, दहा ठिकाणी जमिनीला धरून उभा असतो. शिवाय या मुळांतून फळाला जास्तीचं पाणी आणि अन्न मिळतं. म्हणजे मोठं फळ हवं असेल तरी हेच करायचं.

एक अपवाद लक्षात ठेवा. फळाच्या दोन्ही बाजूंचा हात-दीड हात वेल गाडायचा नाही. फळ फुगलं की ते वेलाला वर उचलतं. तिथं वेल जखडलेला असेल तर देठच फाटतो.

शेंड्याकडच्या भागाला, जिथं अजून मुळं नाहीत, बांबूच्या कामट्या वापरा. दोन कामट्या वेलावरून फुलीसारख्या तिरप्या जमिनीत रोवा. दर तीन-चार फुटांवर एक फुली. सुतळीने आवळू नका, ती वेलात रुतते. बांधायचंच असेल तर जुन्या लुगड्याची रुंद पट्टी घ्या, तीही सैल.

दुसरा उपाय : आडोसा, पण भोकं असलेला

खूप जणांना वाटतं, पत्रा लावला की काम झालं. उलट होतं. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा करून खाली येतो. वारा पूर्ण अडवायचा नाही, त्याचा जोर मोडायचा. साधारण अर्धी हवा जाऊ देणारा आडोसा सगळ्यात चांगला. ५० टक्क्यांची शेडनेट चालते. पैसे खर्च करायचे नसतील तर आपल्याकडे धुऱ्यावर तूर असतेच. तिच्या तुराट्यांचा विरळ कुड करा. आडोशाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. पाच फुटांचा कुड म्हणजे पन्नासेक फुटांपर्यंत मदत, जवळ जास्त, लांब कमी. चारी बाजूंनी जमला तर उत्तम. खांब मात्र पक्के रोवा, नाहीतर कुडच वेलावर येऊन पडेल.

मोठं फळ मांडवावर ठेवू नका, जमिनीवरच ठेवा. खाली तणसाची जाड गादी द्या म्हणजे ओलीने फळ सडत नाही. गारांचा अंदाज असेल तर फळावर तणस टाकून वरून पोतं झाका. ताडपत्री वेलावर अजिबात टाकू नका. वाऱ्यात ती पतंग होते आणि वेल सोबत घेऊन जाते.

आणि पाणी! बांधीतली भारी जमीन पाणी धरून ठेवते. अवकाळीच्या दिवसांत धुऱ्याला एका ठिकाणी तोंड फोडून ठेवा. वाऱ्यातून वाचलेला वेल तुंबलेल्या पाण्यात मुळं कुजून मरतो.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा

वरची सगळी कामं ढग येण्याच्या आधीची आहेत. कामट्या, माती, कुड हे सगळं काही दिवस आधी. आभाळ भरून आल्यावर हातात असतो फार तर अर्धा तास. त्यात काय करायचं? फळावर तणस, पोतं, आणि घरी.

हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. आपल्या विदर्भात वीज पडून माणसं जातात, आणि त्यांतली कितीतरी शेतात काम करत असतात, नाहीतर झाडाखाली थांबलेली असतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा. आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजांचा धोका असेल तर ते सांगतं. नागपूरच्या हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा रोज सकाळी बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. घरात बाबा किंवा आजोबा साधा फोन वापरत असतील तर त्यांना हा इशारा सांगणं तुमचं काम. 'जरा वेल बघून येतो' म्हणून कोणी निघालं तर थांबवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच बाहेर पडा.

वादळ गेल्यावर

आधी फोटो काढा. नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर सरकारी मदतीसाठी पंचनामा लागतो, त्यामुळे तलाठी आणि कृषी सहायकांना लगेच कळवा, आणि साफसफाई त्यानंतर.

मग पाणी काढा. उलटलेली पानं हाताने सरळ करत बसू नका, दोन-तीन दिवसांत ती आपोआप उजेडाकडे वळतात. वेल अर्धवट चिरला असेल तर कापून टाकायची घाई नको. तो भाग जमिनीला टेकवा, ओली माती लावा. पुढच्या पेरांना मुळं असतील तर तो जगू शकतो. शेंडा तुटला असेल तर जवळची जोमदार फांदी पुढे जाऊ द्या. पूर्ण फाटलेला भाग स्वच्छ ब्लेडने कापा. पानं सुकल्यावर बुरशीसाठी ताम्रयुक्त औषध, लेबलवर लिहिलंय तेवढंच.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा : वाडीत जा, वेलाचे पेर मोजा आणि किती पेरांना मुळं आहेत ते बघा. ज्यांना नाहीत त्यांच्यावर माती ओढा. फोटो आणि व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तुमच्याकडे वेल बांधायची घरातली जुनी पद्धत असेल तर तीही सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आधी स्वतःची, मग कोहळ्याची!