पिस्तूल बिघडलंय : उघडू, की परत पाठवू?

ईश्वरपुरातून, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुरातून बोलतोय. मागं कुत्रं भुंकताना ऐकू आलं तर सांभाळून घ्या, वर्क फ्रॉम होम आहे आणि स्टुडिओ म्हणजे आमची माडी.

आजचा विषय जरा वेगळा आहे. पिस्तूल. घाबरू नका, दहा मीटर नेमबाजीचं एअर पिस्तूल. माझी धाकटी बहीण बारावीला आहे आणि तीन वर्षं नेमबाजी करते. आमच्या भागात हे वेड नवीन नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत कोल्हापूरच्या. २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. त्यामुळं "पोरगी बंदूक चालवते" म्हटलं की इथं कुणी तोंड वाकडं करत नाही, उलट स्कोअर विचारतात.

गेल्या वर्षी पप्पांनी उसाच्या बिलातले पैसे आणि मी माझा बोनस घालून तिला इम्पोर्टेड पिस्तूल घेतलं. दीड लाखाच्या वर गेलं. सहा महिने झकास चाललं. मग विभागीय स्पर्धेला नऊ दिवस असताना हवा उतरायला लागली. रात्री सिलिंडर भरून ठेवायचा, सकाळी गेजचा काटा खाली.

डीलरला फोन केला. तो म्हणाला, "पाठवा, वॉरंटीत आहे, पण दोन-तीन आठवडे लागतील." हातात होते नऊ दिवस. आता मी बीटेक. दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधतो. म्हटलं, लीक म्हणजे सील गेलंय, सील म्हणजे ओ-रिंग, पाच-दहा रुपयांची वस्तू. बहीण म्हणाली, "दादा, सरांना एकदा विचारू या." मी म्हणालो, "तू प्रॅक्टिसकडं लक्ष दे."

इथं पहिली चूक. नीट ऐका, कारण ही नुसती पैशाची नाही, जिवाची गोष्ट आहे. हा सिलिंडर साधारण २०० बारला भरतात. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. म्हणजे टायरच्या जवळजवळ शंभरपट दाब, आणि मी ती वस्तू किचन ओट्यावर ॲलन की घेऊन उघडायला बसलो. सिलिंडर आधी काढून ठेवला होता, एवढीच काय ती अक्कल.

ओ-रिंग मिळाली मोटर दुरुस्तीच्या दुकानात. मापाला बसली. पण रबर कुठलं, किती दाबाचं, हे ना मी विचारलं ना दुकानदाराला माहीत होतं. रात्रभर हवा टिकली. मी घरात कॉलर टाईट करून फिरलो.

दुसरी चूक म्हणजे आमच्या धंद्याचा खास रोग. एक बग काढायला फाईल उघडायची आणि जाता जाता शेजारचा कोड पण "जरा नीट" करायचा. पिस्तूल उघडलंच आहे तर ट्रिगरचा स्क्रू थोडा फिरवला. म्हटलं, स्मूथ होईल.

दोन दिवसांनी रेंजवर सरांनी वजन लावलं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅम ताण लागतो. वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल वर उचलतात. वजन पेललं तर पास, पिस्तूल सुटलं तर नापास. आमचं सुटलं. सरांनी बहिणीकडं बघितलं, बहिणीनं माझ्याकडं. त्याच संध्याकाळी हवा परत गळायला लागली, आता आधीपेक्षा जोरात.

मग डीलरला दुसरा फोन. त्याचा पहिला प्रश्न, "उघडलंय का कुणी?" खरं सांगतो, "नाही" हा शब्द जिभेवर आला होता. पण पुढं बहीण बसलेली. "हो" म्हणालो. तो म्हणाला, "मग या कामाला वॉरंटी नाही. आणि साहेब, जे उघडलं ते सगळं सांगा, नाहीतर आमच्या माणसाच्या हातात ते फुटायचं." हे मला सुचलंच नव्हतं, की माझ्या खोट्याचा धोका तिसऱ्याच कुणाला झाला असता.

स्पर्धेत ती क्लबच्या पिस्तुलानं खेळली. ग्रिप दुसऱ्याच्या हाताची. निवड चार गुणांनी हुकली. कोल्हापूरहून येताना गाडीवर मागं बसून एक शब्द बोलली नाही. पेठ नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "तुझं काही चुकलं तर तू रोलबॅक करतोस. माझी मॅच रोलबॅक होत नाही, दादा." घरी पप्पा वेगळंच बोलले, "ट्रॅक्टरचा पंप बिघडला तर मी बी उघडत न्हाई. तुला कुणी सांगितलं हुतं?"

टोकियो ऑलिंपिक आठवतंय? २५ जुलै २०२१, मनू भाकर. पात्रता फेरीत पिस्तूल बिघडलं. प्रशिक्षक रौनक पंडित यांनी नंतर सांगितलं की गोळी भरताना उघडायचा लिव्हर तुटला होता. दुरुस्ती होऊन ती परत उभी राहिली तेव्हा ४४ शॉट बाकी आणि वेळ चाळीस मिनिटांपेक्षा कमी. ५७५ गुण, बारावा नंबर, फायनल दोन गुणांनी हुकली. तीच मनू २०२४ ला पॅरिसमधून दोन ब्राँझ घेऊन आली. म्हणजे बिघाड कुणालाही होतो. तो कधी आणि कुणाच्या हातात दुरुस्त होतो, एवढंच आपल्या हातात.

आता कामाचं सांगतो.

एक. परवान्याची बंदूक किंवा पिस्तूल असेल तर "उघडू का" हा प्रश्नच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणं दुरुस्तीच्या कामालासुद्धा परवाना लागतो. परवानाधारक दुकानातच न्यायची. ४.५ मिलिमीटरचं, २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल परवान्यातून सुटतं, भौतिकशास्त्रातून नाही.

दोन. घरी काय करायचं? बाहेरून पुसायचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेली नळीची सफाई, ग्रिपचे स्क्रू बघायचे, सिलिंडरवरची मुदत वाचायची. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती बघणं खेळाडूचीच जबाबदारी असते. दाब, व्हॉल्व्ह, ट्रिगरच्या आतलं काम, हे सगळं तज्ज्ञाकडं. साधं तेल तर अजिबात घालायचं नाही.

तीन. परत पाठवताना गोळी आत नाही ना ते दोनदा बघा, सिलिंडर काढून रिकामा करा, आणि कसं पाठवायचं ते आधी डीलरला विचारा. बिघाडाचा व्हिडिओ, बिल, सगळं जपून ठेवा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग सांगलीत आहे, तक्रारीला मुदत दोन वर्षं. पण आपण स्वतःच उघडलं असेल तर आपली बाजू लंगडी होते, हे माझ्याकडून शिका.

चार. सर्व्हिसिंग सीझन संपल्यावर करा, स्पर्धेच्या तोंडावर नाही. आम्ही ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करत नाही, तसंच हे.

पिस्तूल तीन आठवड्यांनी नीट होऊन आलं. बिल मी भरलं. बॉक्स बहिणीनं स्वतः उघडला, आणि ॲलन कीचा सेट तिनं तिच्या कपाटात कुलपात ठेवलाय. परवा सायकलची सीट वर करायला मागितला तर म्हणाली, "काय उघडायचंय ते आधी सांग."

सांगितलं. मग दिला.

चला, भेटू पुढच्या भागात. तुम्ही काय उघडून बसलाय ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा.