कळकलेलं ताक आणि चमकणारी हळद

आमच्या आजऱ्यात घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती, तेव्हा ताक कळकलं हे जीभच सांगायची. आंबटाने तांबं विरघळतं, त्याचे विद्युतभारित कण म्हणजे आयन ताकात उतरतात. म्हणून नवसागराच्या धुरात कथलाची कल्हई व्हायची.

शरीरात उतरलेलं तांबं मात्र जिभेला कळत नाही. थोडं तांबं शरीराला हवंच असतं. पण विल्सनच्या आजारात जादा तांबं बाहेर पडत नाही, ते यकृतात, मेंदूत साठतं. निदानासाठी रक्त, चोवीस तासांची लघवी तपासतात. प्रसंगी यकृताचा तुकडा काढतात. तो आम्लात विरघळवला की तांबं किती ते कळतं, पण जिवंत पेशीत ते कुठे होतं, कसं हललं, हे कळत नाही.

इथे प्रकाशणारे शोधक रेणू कामाला येतात. अशा रेणूचा एक भाग धातूचा आयन धरतो, दुसरा दिव्यासारखा असतो. आयन हाती लागला की दिवा उजळतो, विझतो किंवा रंग बदलतो. १९८५ साली रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमसाठी 'फुरा-२' हा रेणू जगापुढे ठेवला. अशा रेणूंमुळे हृदयाच्या जिवंत पेशीत दर ठोक्याला कॅल्शियमची भरती-ओहोटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागली.

आपल्या कोल्हापुरातही, शिवाजी विद्यापीठात, हळदीतल्या कर्क्युमिनचे अतिसूक्ष्म कण करून २०१५ साली तांबं शोधण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तांबं भेटलं की कणांची चमक मावळते, सल्फाइड भेटलं की परत येते. हे झालं पाण्यात. पेशीतलं काम अवघड. तिथे लोह, जस्त यांच्या गर्दीतून तांबंच ओळखायचं, पेशीला इजा होऊ द्यायची नाही. शिवाय शोधक धातू धरून ठेवतो. तो जास्त झाला, तर ज्याचं मोजमाप करायचं तेच बदलतं.

मला कवी म्हणून हीच अट मोलाची वाटते. रुग्णाच्या अंगाचा तुकडा न काढता आतलं तांबं दिसावं, हे साधायचं आहे. त्यासाठी दिवा हवा. पण तो इतकाच मोठा, की ज्याला पाहायचं त्याची झोप मोडू नये.