निरोगी फुप्फुसाचे माप
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)

आपल्या छातीविकार विभागाने निरोगी शाळकरी मुलामुलींची श्वसनक्षमता मोजण्याचा प्रस्ताव मांडला आहे. आजाऱ्यांसाठी दिलेला पैसा निरोगी मुलांवर का खर्चावा, अशी रास्त पृच्छा काही देणगीदारांनी केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही या शंकेचे निरसन हिशेबाच्या भाषेत करता येईल असे वाटते.

जमाखर्चातील आकडा एकटा काही सांगत नाही. अंदाजपत्रकाशी ताडून पाहिल्यावरच त्याचा अर्थ लागतो. श्वसनचाचणीचेही तसेच आहे. दीर्घ श्वास घेऊन रुग्ण स्पायरोमीटरमध्ये जोराने हवा सोडतो. एकूण किती हवा बाहेर पडली आणि त्यातील पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र सांगते. ती पुरेशी आहे की नाही, हे मात्र त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी मुलांच्या वा मुलींच्या मोजमापांवरून ठरते. उंची आणि श्वसनक्षमता यांचा संबंध लंडनचे शल्यवैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्येच दाखवून दिला होता.

किशोरवयात हा पडताळा विशेष कठीण असतो. उंची आधी झपाट्याने वाढते, फुप्फुसे मागाहून वाढतात. मुलींची वाढ लवकर पूर्ण होते, मुलांची उशिरापर्यंत चालते. समजा, एका मुलाने २.३४ लिटर हवा सोडली. कोष्टकात अपेक्षित आकडा ३ लिटर असेल तर तो ७८ टक्के भरतो आणि ८० टक्क्यांच्या रूढ मर्यादेखाली जातो. तोच आकडा २.६० लिटर असेल तर हा मुलगा ९० टक्क्यांवर, म्हणजे निरोगी ठरतो. मूल तेच, श्वास तोच. निदान मात्र बदलले. चुकीच्या कोष्टकामुळे एखाद्या धडधाकट मुलाचे खेळ बंद होतात, तर एखाद्याचा खरा विकार नजरेआड राहतो.

२०१२ मध्ये ७४ हजारांहून अधिक निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींच्या नोंदींवरून ३ ते ९५ वर्षे वयासाठी जागतिक समीकरणे प्रसिद्ध झाली. त्यांत भारतीयांसाठी स्वतंत्र समीकरण नव्हते. पुढे वंशनिरपेक्ष समीकरणे आली. ती आपल्या भागातील मुलांना कितपत लागू पडतात, हे येथेच पडताळून पाहावे लागेल. अशा स्थानिक पडताळणीसाठी किमान १५० मुले व १५० मुली हव्यात, असे तज्ज्ञांनी २०११ मध्ये सांगितले आहे.

'निरोगी' कोणास म्हणावे, यात खरी जबाबदारी आहे. दमा, दीर्घ आजार वा धूम्रपानाची सवय असलेली मुले वगळावी लागतील, कुपोषितही. उपासमारीने खुंटलेला श्वास आपण 'सामान्य' म्हणून नोंदवला, तर दारिद्र्यालाच प्रमाणपत्र दिल्यासारखे होईल.

नीतिसमितीची मान्यता, पालकांची लेखी संमती आणि मुलांचीही स्वतःची संमती, यांखेरीज एकही नोंद घेतली जाणार नाही. यंत्राची अचूकता ३ लिटरच्या प्रमाणित सिरिंजने रोज तपासली जाईल. मोजणीत एखाद्या मुलास विकार आढळल्यास पालकांना तत्काळ कळवून त्याचे उपचार विनामूल्य व्हावेत, अशी आमची शिफारस आहे.

निर्धन रुग्ण निधीतील एक रुपयाही या कामाकडे वळवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी स्वतंत्र निर्दिष्ट निधी उभारावा व त्याचा लेखापरीक्षित हिशेब अहवालात छापावा. खाट दिली तर तिचा लाभ एका वेळी एकाच रुग्णास होतो. योग्य माप मात्र पुढे चाचणीस येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या उपयोगी पडेल. या निधीस आपण उदार हस्ते साहाय्य करावे, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.