बिनड्रायव्हरची गाडी कोणाला माणूस म्हणते?

ह्या नाशकात गाडीचा प्रश्न जुना आहे. १९३० च्या एप्रिलात काळारामाचा रथ दोन्हीकडच्यांनी मिळून ओढायचं ठरलं होतं. ऐनवेळी रथ पळवला आणि आपल्या माणसांवर दगड पडले. आता ओढायलाही कोणी नको नि हाकायलाही कोणी नको, असा रथ आलाय.

त्यात जादू काही नाही. टपावरचा लेझर किरण सोडतो. किरण आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजतो. रडार वेग सांगतं, कॅमेरा रंग नि आकार. मग आतला कॉम्प्युटर ठरवतो, समोरचं हे काय? मोटार, सायकल की माणूस? नाव ठरलं की ते पुढे कुठं जाईल ह्याचा अंदाज, आणि त्यावर ब्रेक. ही नावं त्याला शिकवायला हजारो पोरंपोरी, आपल्या देशातलीही, फोटोतल्या एकेका वस्तूभोवती चौकोन काढत बसतात. म्हणजे राबणारा माणूस आहेच. फक्त दिसत नाही.

आता ऐका. १८ मार्च २०१८, अमेरिकेतलं टेम्पी शहर. रात्री एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणीच्या गाडीला ती ५.६ सेकंद आधी दिसली. दिसली, पण कळली नाही. कधी मोटार, कधी ‘इतर’, कधी सायकल. नाव बदललं की आधीचा माग पुसला जायचा. चौकशीत निघालं की क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडतो, हे त्या प्रोग्रामात धरलंच नव्हतं. बाई मेली. खटला झाला तो गाडीत देखरेखीला बसवलेल्या कामगार बाईवर. ती मोबाईल बघत होती, खरंय. पण कंपनीवर फौजदारी नाही.

‘इतर’ हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे!

मी यंत्राला शिव्या घालत नाही. यंत्र दारू पीत नाही, त्याला डुलकी येत नाही. आंधळ्याला, म्हाताऱ्याला अशी गाडी हवीच. दिल्लीत डिसेंबर २०२० पासून मेट्रो ड्रायव्हरशिवाय धावते, कारण रुळावर आडवं कोणी येत नाही. आपल्या द्वारका चौकात सगळेच आडवे येतात.

डिसेंबर २०२३ मध्ये गडकरी नागपुरात म्हणाले, अशा गाड्या येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. ठीक. आपली कितीतरी माणसं स्टिअरिंगवर जगतात. पण बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते; दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा, असं त्यांनी गांधींना उत्तर देताना मांडलं. गटारात उतरणाऱ्याची नोकरी उद्या यंत्राने खाल्ली तर मी पेढे वाटीन.

तेव्हा कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांनो, ती नावांची यादी बघायला मागा. हातगाडीवाला, कचरा वेचणारी बाई, दुभाजकावर झोपलेला माणूस, ह्यांच्यापुढे काय लिहिलंय? दाखवत नसतील, तर गाडी द्वारकेला अडवू.

जय भीम.