नागपूरचे उद्योगधंदे व आपल्या समाजाचे कर्तव्य

(समाजाच्या वार्षिक संमेलनात महाल, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस जो विषय नेमून दिला तो आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. राज्याची संपत्ती वाढावी, इतर राज्यांच्या चढाओढीत ते मागे पडू नये, यासाठी उद्योगपतींनी कोणते मार्ग आखले आणि त्यांतून आपण काय घ्यावे, यावर बोलण्याची त्यांची आज्ञा आहे. आम्ही अर्थशास्त्री नव्हे. आमचा जन्म कोष्ट्याच्या घरी, खड्डामागाच्या शेजारी झाला. ताणा कसा जोडावा हे आम्हांस अर्थशास्त्राच्या आधी कळले. तेव्हा जे आम्ही डोळ्यांनी पाहिले व वाचून पडताळले, तेवढ्यावरच बोलू.

या सभागृहातून बाहेर पडून गांधी गेटकडे, म्हणजे जुन्या लोकांच्या जुम्मा दरवाजाकडे गेले, की पलीकडे जुम्मा तलाव लागतो. त्यालाच कोणी शुक्रवारी तलाव म्हणतात, कोणी गांधीसागर. त्या तलावाजवळच्या पाणथळ जागेवर मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी कापडाची गिरणी उभारली. राज्याच्या स्पर्धाक्षमतेचा पहिला धडा आपल्या घरापासून इतक्या जवळ गिरवला गेला होता, हे आपल्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आहे?

ती गिरणी उभी राहण्यापूर्वीची नागपूरची स्थिती आधी पाहू. भोसल्यांच्या दरबारामुळे येथे रेशीमकाठी लुगड्यांना व धोतरांना मागणी होती आणि आपल्या पूर्वजांचे माग त्या आश्रयावर चालत. 1853 साली तिसरे रघुजी निवर्तले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. दरबार गेला, तसे गिऱ्हाईकही गेले. 1867 साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. तिने वऱ्हाड-नागपुरातला कापूस उचलून बंदराकडे नेला आणि परतीच्या डब्यांतून विलायती कापड आणून आपल्या दारात उतरवले. पूर्वी दूरच्या मालाला वाटखर्च जड जाई, तेवढेच आपल्या मालाला संरक्षण होते. लोखंडी रुळांनी ते काढून घेतले.

परंतु त्याच रुळांकडे जमशेटजी टाटांनी निराळ्या दृष्टीने पाहिले. इंग्लंडात जाऊन त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या न्याहाळल्या होत्या. कापूस नागपूर-वर्ध्याचा, सूत मँचेस्टरचे आणि गिऱ्हाईक पुन्हा नागपूरचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा साधा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. मुंबईत गिरणी काढणे हा त्या काळचा मळलेला मार्ग होता. तो सोडून कापूस जेथे पिकतो, वरोऱ्याचा कोळसा जेथून जवळ पडतो आणि आगगाडी जेथे येते, ते ठिकाण त्यांनी निवडले. 1874 साली 15 लक्ष रुपयांच्या भांडवलाची कंपनी निघाली आणि 1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीला ‘एम्प्रेस’ हे नाव पडले. येथील एका सावकाराने, पैसा मातीत घालणाऱ्याला आपण भांडवल देणार नाही, असे सांगून त्यांना वाटेस लावले आणि पुढे आपली चूक कबूल केली, असे सांगतात. तो सावकार मूर्ख नव्हता. नागपुरात तोवर पैसा जमिनीत, दागिन्यांत आणि व्याजबट्ट्यात गुंतवला जाई; त्याने रिवाजाप्रमाणे उत्तर दिले. आज आपल्या घरांतून वेगळे उत्तर मिळते काय, हा प्रश्न आम्ही पुढे विचारणार आहोत.

जागा निवडली म्हणजे धंदा जिंकला, असे मात्र झाले नाही, आणि इकडे आमचे विशेष लक्ष आहे. पहिली यंत्रसामग्री काटकसरीने घेतलेली, हलकी निघाली. जमशेटजींनी ती बदलली. 1883 च्या सुमारास त्यांनी नव्या धर्तीच्या रिंग चात्या येथे चालवून पाहिल्या. खुद्द लँकेशायरचे गिरणीवाले तेव्हा जुन्या चात्या सोडावयास तयार नव्हते. म्हणजे नागपूरच्या गिरणीने विलायतेची नक्कल केली नाही, ती विलायतेच्या पुढे गेली. रेल्वेच्या मालखात्यात काम केलेले बेझनजी मेहता यांस त्यांनी व्यवस्थापक नेमले. त्यांना सुताचा अनुभव नव्हता. माल कोठून कोठे व किती दराने जातो हे मात्र ते जाणत. कापडाच्या गिरणीत रेल्वेचा मनुष्य नेमावा, हे शहाणपण आम्हांस फार मोलाचे वाटते.

कामगारांचे गैरहजेरीचे प्रमाण त्या काळी मोठे होते. त्यावर दंडाचा बडगा न उगारता बक्षिसे सुरू झाली, 1886 साली निवृत्तिवेतनाचा निधी उभारला गेला आणि 1895 पासून अपघातात जायबंदी होणाऱ्यास भरपाई मिळू लागली. हवेतील दमटपणा राखणारी आणि आग विझविणारी यंत्रे बसवली गेली. यात भूतदया होती, तसा हिशेबही होता. घरी बसलेल्या मजुराच्या चात्या बंद राहतात. दमट हवेत धागा कमी तुटतो. ज्याने कांडी भरली आहे त्यास हे निराळे सांगावयास नको. आपल्या घरांत तर हे काम आया-बहिणींनी व लहान पोरांनी केले आणि त्याची मजुरी कोणी मोजली नाही. मालाच्या किमतीत त्यांचा वेळ धरला असता तर आपला धंदा खरोखर नफ्यात होता की तोट्यात, हे आपल्या वाडवडिलांस वेळीच कळले असते.

आमच्या लहानपणी एम्प्रेसचा भोंगा महालात ऐकू येई. मग 1986 साली टाटांची व्यवस्था संपून गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली ती कायमची बंद झाली. आता त्या जागेवर मोठे बाजारसंकुल आहे. तेथे देशोदेशीचे कपडे मिळतात, नागपूरचा कपडा मात्र शोधावा लागतो. एकेकाळी जगाच्या पुढे असलेली गिरणी का बुडाली याचे एकच कारण सांगता येणार नाही. यंत्रे जुनी होत गेली, यंत्रमागांचा स्वस्त माल आला, कृत्रिम धागा आला, ही कारणे सर्वश्रुत आहेत. 1883 साली जी नवी चाती लावण्याची तयारी होती, ती शंभर वर्षांनी उरली नव्हती, असे आमचे मत आहे.

मधल्या काळात नागपूरचे राजकीय स्थानही पालटले. 1956 च्या नोव्हेंबरात मध्यप्रदेशाची राजधानी हे पद गेले. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेली आश्वासने आणि 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालाने मोजलेला अनुशेष यांवर या शहरात पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते रास्तही आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

राज्यस्थापनेनंतर 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, 1964 पासून मागास भागांत कारखाने काढणाऱ्यांस सवलती मिळू लागल्या. हिंगण्यास वसाहत झाली, पुढे बुटीबोरीस झाली. उद्योजकांच्या संघटनांनी सरकारदरबारी अनेक मागण्या रेटल्या. त्यांतील विजेच्या दराची मागणी आम्हांस सर्वांत न्याय्य वाटते. कोळसा विदर्भाचा, कोराडी-खापरखेडा-चंद्रपूरच्या चिमण्यांचा धूर विदर्भाच्या डोक्यावर, आणि वीज मात्र शेजारच्या छत्तीसगडात स्वस्त! 2016 साली विदर्भ व मराठवाड्यातील उद्योगांस वीजदरात सवलत मिळाली, ती या रेट्यामुळेच. तथापि सवलत म्हणजे कुबडी. ज्याचा कारखाना केवळ सवलतीसाठी येतो, तो सवलत संपताच कुलूप लावून दुसऱ्या राज्यात जातो. अशी कुलुपे आम्ही पाहिली आहेत.

आता अलीकडील हकीकत. 2022 च्या अखेरीस राज्य सरकारने आर्थिक सल्लागार परिषद नेमली, तीत बहुतेक मोठ्या उद्योगसमूहांची माणसे घेतली आणि अध्यक्षपद टाटा सन्सचे अध्यक्ष नटराजन चंद्रशेखरन यांस दिले. राज्याचे उत्पन्न एक लक्ष कोटी डॉलरांवर नेण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवले होते. जुम्मा तलावाच्या काठाशी गिरणी उभारणाऱ्या घराण्याच्या गादीवरील गृहस्थाकडे महाराष्ट्राने पुन्हा सल्ला मागितला, याचे आम्हांस कौतुक वाटले. पण एवढे उत्पन्न मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यातच वाढले, तर आकडा पुरा होईल आणि गोंदिया-गडचिरोलीचा मनुष्य आहे तेथेच राहील.

येथील उद्योजकही स्वस्थ नाहीत. 2024 व 2025 साली ‘ॲडव्हांटेज विदर्भ’ या नावाने नागपुरात औद्योगिक महोत्सव भरले. मिहानात विमानदुरुस्तीचा कारखाना आहे. 2025 च्या मार्चमध्ये तेथेच फळप्रक्रियेचा मोठा प्रकल्प सुरू झाला. संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण बांगलादेशाने आयात कर वाढवताच आपल्या बागायतदारांची कोंडी झाली; एकाच गिऱ्हाइकावर विसंबून कच्चा माल विकणाऱ्याची हीच गत होते. मँगनीजचे तेच झाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मनसर-कांद्रीच्या खाणींतून खनिज निघे आणि बव्हंशी परदेशी जाई. गडचिरोलीच्या सुरजागडच्या लोहखनिजावर कोनसरी येथेच प्रक्रिया होऊ लागली आहे. तेथील आदिवासींस व जंगलास त्याची काय किंमत पडते हा प्रश्न वेगळा व गंभीर आहे. परंतु माती उकरून धाडून देण्यापेक्षा हा मार्ग निश्चित वरचा होय.

आपल्या धंद्याशी जवळची गोष्ट म्हणजे अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योग उद्यान. 2024 च्या सप्टेंबरात वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. कापसापासून तयार कपड्यापर्यंत सर्व कामे एका आवारात व्हावीत, ही त्यातील कल्पना. 1874 साली जमशेटजींनी केलेला विचारच दीडशे वर्षांनी सरकारी कागदावर उतरला आहे. आणि समृद्धी महामार्ग तर आपण पाहताच आहात. 2022 च्या डिसेंबरात तो शिर्डीपर्यंत खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा सबंध रस्ता पुरा झाला. याच रस्त्याने आपली शिकलेली मुले पुण्या-मुंबईस जातात आणि भिवंडी-इचलकरंजीचे कापड इकडे येते. 1867 च्या आगगाडीची हकीकत सांगितली ती याचसाठी. रस्ता कोणाचाच पक्षपाती नसतो. गाडीत भरावयास ज्याच्याजवळ माल असेल त्याला तो लाभतो.

आपल्याजवळ कोणता माल आहे? गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागांतून आमच्या तरुणपणी चालत गेले की मागाचा खटखटाट सुटत नसे. आज तो कान देऊन ऐकावा लागतो. आमच्या वडिलांनी एका सहकारी संस्थेचे भाग घेतले होते. सूत वेळेवर मिळेना, विणलेला माल गोदामात पडून राहू लागला, आणि शेवटी भागही बुडाले. ज्या दिवशी आमच्या घरचा माग मोडून त्याची लाकडे विकली, त्या दिवशी आई जेवली नाही. तेव्हा भांडवल बुडण्याचे भय काय असते, ते आम्हांस ठाऊक नाही असे कोणी समजू नये.

तरीही विदर्भाच्या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन आहे, नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे, टसरचा धागा भंडाऱ्याकडे निघतो, आणि ती काठ विणणारे हात थोडे का होईना, आपल्यांत शिल्लक आहेत. उणीव आहे ती नव्या नमुन्यांची, पक्क्या रंगाची, नेमक्या हिशेबाची आणि दूरचे गिऱ्हाईक गाठण्याची. आपली मुले अभियंते झाली, संगणकावर काम करू लागली, ही आनंदाची गोष्ट होय. पण बेझनजी मेहतांप्रमाणे दुसऱ्या क्षेत्रातील ज्ञान घेऊन धंद्यात उतरलेला एकही मुलगा वा मुलगी आम्हांस आपल्या कुटुंबांत दिसत नाही. लग्न ठरविताना आपण मुलाची नोकरी विचारतो. धंदा करतो म्हटले की सोयरीक लांबते. त्या सावकाराने जमशेटजींस दिले तेच उत्तर आपण आपल्या पोरांस देत आहो.

यासाठी आज एक सूचना आणली आहे. समाजाचा इमारत निधी बँकेत मुदतीच्या ठेवीत आहे. त्यातून मंगल कार्यालयाचा दुसरा मजला बांधावा असा काही मंडळींचा आग्रह आहे. मजला बांधल्यास भाडे येईल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु निदान पाच वर्षे मुद्दलास हात न लावता केवळ व्याजातून, दर वर्षी विणकर घरांतील दोन तरुणांस, त्यांत एक मुलगी असलीच पाहिजे, रंगकाम, नमुनेकाम अथवा निर्यातव्यवहार शिकण्यास पाठवावे. परत येऊन त्यांनी दोन वर्षे येथील विणकरांसोबत काम करावे, एवढीच अट. कर्जे वाटू नयेत. त्यात नातीगोती शिरतात आणि वसुलीत वैर होते. मुद्दल सुरक्षित राहील, म्हणून आमच्या वडिलांसारखी पाळी कोणावर येणार नाही. दोघांपैकी एक जण शिकून पुण्यास निघून जाईल, असा आक्षेप कार्यकारिणीच्या बैठकीत आला. जाईलही. आम्ही तो धोका हिशेबात धरला आहे.

ठराव भोजनोत्तर सभेपुढे येईल. खर्चाचा अंदाज मांडलेला कागद चिटणिसांपाशी ठेवला आहे, तो तोवर अवश्य पाहावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो सभेतच उभे राहून सांगावा. संमेलन आटोपल्यावर ओट्यावर नव्हे.